रूल फाइव्ह ड्राफ्टसाठी गडी कसा हेरायचा

डिसेंबर लागला की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपच्या फळ्यावर दोन याद्या दिसतात. डाव्या बाजूला चालू जॉब: कुणाचे किती नग, कधी द्यायचे, मटेरियल आलं का नाही. उजव्या बाजूला अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची नावं, खडूनं, देवनागरीत. नावापुढं वय, क्लब आणि एकच शब्द. ‘वेग’, ‘डावखुरा’, ‘ऑपरेशन’, ‘पळतो’. माल न्यायला आलेली माणसं विचारतात, ही कोण मंडळी? मी सांगतो, ह्यांच्या क्लबनं ह्यांना राखून ठेवलेलं नाही, आणि डिसेंबरातल्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या क्लबांनी असे खेळाडू उचलायच्या निवडीत, ह्यातला कोण उचलला जाईल ते आम्हाला आधी ओळखायचंय.

आम्ही सातजण आहोत. मी, कॉलेजात माझ्यासोबत सॉफ्टबॉल खेळलेले दोघं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, माझ्याकडं सीएनसीवर काम करणारी दोन पोरं आणि माझा भाचा. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजेपर्यंत प्रत्येकानं एक नाव कागदावर लिहून द्यायचं. नाव एकच, आणि खाली तीन ओळींत कारण. ते नाव कुठल्याही क्लबनं उचललं तर एक गुण. मार्चअखेर हंगाम सुरू होताना तो संघात असला तर आणखी दोन. सप्टेंबरअखेरपर्यंत टिकला तर पाच. ज्याचे गुण जास्त, त्याला बाकीच्या सहाजणांनी तांबडा-पांढरा खाऊ घालायचा. कुणाला आपल्या गटात हे सुरू करायचं असेल तर कसं करायचं, ते आज सविस्तर लिहितो. नुसता ड्राफ्ट समजून घ्यायचा असला तरी हे उपयोगी पडेल.

आधी नियम

आयपीएल बघणाऱ्याला ‘रिटेन’ हा शब्द पाठ असतो. तिथं रिटेन न केलेला खेळाडू लिलावात जातो आणि बोली चढत जाते. इथं क्लबनं खेळाडूला सोडलेलंच नसतं. तो अजून त्यांचाच असतो, त्यांच्याच खालच्या संघात खेळत असतो. फक्त त्याला संरक्षण नसतं. दुसरा क्लब येतो, ठरलेली किंमत मोजतो आणि घेऊन जातो. बोली नाही, आणि मूळ क्लबला ‘देत नाही’ म्हणायची सोयही नाही.

मेजर लीग म्हणजे तिथली सगळ्यात वरची पायरी. तिच्यातल्या प्रत्येक क्लबची चाळीस जणांची एक यादी असते. त्यातले सव्वीस प्रत्यक्ष संघात. क्लबच्या पदरी मात्र मायनर लीगमध्ये, म्हणजे ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए अशा उतरत्या पायऱ्यांवर मिळून शंभरावर पोरं असतात. ही पोरं किती वर्षं अशीच दाबून ठेवायची, याला नियमानं मर्यादा घातली आहे. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेला असेल तर पाच हंगाम, एकोणीस किंवा जास्त वयात झाला असेल तर चार हंगाम. तेवढ्यात क्लबनं त्याला चाळिसात घेतलं नाही तर तो रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये इतरांसाठी मोकळा. २००६ पर्यंत ही मुदत एका वर्षानं कमी होती, म्हणून त्या काळातल्या यादीत जास्त चांगली नावं सापडतात.

उचलणाऱ्या क्लबनं मूळ क्लबला १ लाख डॉलर द्यायचे. आणि मग खरी अट येते. त्या खेळाडूला पुढचा पूर्ण हंगाम सव्वीसच्या संघात ठेवायचं. खाली पाठवायचं नाही. जखमी असेल तर जखमींच्या यादीत ठेवता येतं, पण खेळायला उपलब्ध म्हणून संघात त्याचे किमान ९० दिवस भरले पाहिजेत. ते भरले नाहीत तर अट पुढच्या हंगामात चालू राहते. मध्येच नकोसा झाला तर आधी बाकी सगळ्या क्लबांना विचारायचं, कुणी घेतला तर हीच अट त्याच्या गळ्यात जाते. कुणीच घेतला नाही तर मूळ क्लबला ५० हजार डॉलरला परत द्यायचा.

सगळा खेळ या एका अटीवर फिरतो. नवीन माणूस इथंच चुकतो. तो विचारतो, यादीत सगळ्यात गुणी कोण? खरा प्रश्न असा आहे की वर्षभर सव्वीसातली एक जागा अडवून बसायचं बळ कुणात आहे, आणि ती जागा अडवू द्यायची ऐपत कुठल्या क्लबची आहे.

हा नियम माझ्या मनाला इतका का लागला, ते सांगतो. भाचा गोलकीपर होता. पेठेतल्या एका मोठ्या संघात तीन हंगाम राखीव. पहाटे सहाला गांधी मैदानावर, संध्याकाळी परत. त्या तीन हंगामांत मिळून त्याला बेचाळीस मिनिटं खेळायला मिळाली. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी ती मोजली आहेत. दुसऱ्या पेठेतून विचारणा झाली तेव्हा ‘आपला पोरगा तिकडं कसा जाईल’ म्हणून त्याला जाऊ दिलं नाही, आणि स्वतःही खेळवलं नाही. आता तो कागलच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि हातमोजे माझ्या कपाटात आहेत. अमेरिकेत असा एक नियम आहे की चार-पाच वर्षं झाली की ‘खेळवा, नाहीतर दुसऱ्याला खेळवू द्या’, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर त्याविषयी वाचत बसलो होतो.

यादी करणं

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला क्लबांना चाळिसाची यादी पक्की करावी लागते. त्याआधी काही लिहू नका, वेळ वाया जाईल. यादी लागली की एकेक क्लब घ्यायचा, त्याच्या होतकरू खेळाडूंची नावं काढायची, त्यातले चाळिसात गेलेले खोडायचे. उरलेल्यांची वर्षं मोजायची. मोजायची सोपी रीत अशी: २०२५ च्या डिसेंबरसाठी, अठरा किंवा कमी वयाचा असेल तर करार २०२१ किंवा आधीचा हवा, एकोणीस किंवा जास्त असेल तर २०२२ किंवा आधीचा. पुढच्या प्रत्येक डिसेंबरला दोन्हीकडं एकेक वर्ष मिळवत जा. वय धरायचं ते सहीच्या दिवशीचं नाही, सहीच्या आधीच्या ५ जूनचं. काकांनी एकदा हे न बघता नाव दिलं, तो पोरगा यादीतच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडं नावासोबत कराराचं वर्ष लिहिणं सक्तीचं आहे.

मग प्रश्न येतो की चांगला गडी क्लब उघडा ठेवतोच कशाला. एक कारण जागा. चाळीस म्हणजे चाळीस. दुसरं कारण जास्त बारीक आहे. चाळिसात घेतलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर क्लबकडं साधारण तीनच हंगामांची सवलत असते. समजा एकवीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अजून सिंगल-एमध्ये धडपडतोय. त्याला आजच चाळिसात घेतलं तर ती तीन वर्षं तो तयार होण्याआधीच जळून जातात. म्हणून क्लब हिशेब मांडतो: हा इतका कच्चा आहे की कुणी वर्षभर सांभाळणार नाही, उघडा ठेवू. आपलं काम हा हिशेब कुठं चुकला ते शोधायचं.

त्यासाठी नजर भरलेल्या घरांकडं ठेवा. ज्या क्लबांची खालची फळी दाट, त्यांच्याकडंच चांगलं पोर दाराबाहेर राहतं. गॅरेट व्हिटलॉक आणि मिच स्पेन्स यांकीजकडून गेले, रायन नोडा डॉजर्सकडून, अँथनी सँटँडर आणि हेक्टर रोंडन क्लीव्हलँडकडून. सँटँडरला बाल्टिमोरनं २०१६ च्या ड्राफ्टमध्ये उचललं. पहिलं वर्ष बरंचसं दुखापतीत गेलं, आणि २०२४ मध्ये त्याच माणसानं ४४ होम रन मारले, म्हणजे ४४ वेळा चेंडू कुंपणापलीकडं.

कोण टिकतो

वर्कशॉपमध्ये ओबडधोबड कास्टिंग हातात आलं की आम्ही पहिल्यांदा एकच बघतो, डेटम, म्हणजे मापाचा आधार, धरायला एक तोंड सरळ मिळतंय का. एक तोंड सरळ असलं की जॉब चकमध्ये पक्का बसतो. बाकीचा खडबडीतपणा नंतर हळूहळू काढता येतो. पण धरायलाच जागा नसेल तर कास्टिंग कितीही भारी मटेरियलचं असू दे, मशीनवर चढत नाही. रूल फाइव्हचा गडी असाच बघायचा. आज, याच घडीला, मेजर लीगमध्ये चालेल अशी एक गोष्ट त्याच्यात आहे का? एकच पुरे. पण ती पक्की पाहिजे.

ही गोष्ट सगळ्यात जास्त सापडते ती रिलीफ पिचरमध्ये, म्हणजे सामना चालू असताना मधून येऊन टाकणाऱ्यात. कारण साधं आहे. सात-आठ रनांनी सामना हातातून गेलेला असतो तेव्हा कुणीतरी शेवटच्या दोन इनिंग टाकायच्याच असतात. तिथं नवख्याला झाकता येतं. बॅटरला तसं झाकता येत नाही, तो चुकला की सगळ्या मैदानाला दिसतं.

योहान सँटानाचं उदाहरण मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. १९९९ चा डिसेंबर. पहिला नंबर मिनेसोटा ट्विन्सचा, दुसरा फ्लोरिडा मार्लिन्सचा. दोघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ट्विन्सनी जॅरेड कॅम्प नावाचा पिचर उचलला, मार्लिन्सनी ॲस्ट्रोजच्या खालच्या संघातला वीस वर्षांचा सँटाना उचलला, आणि लगेच अदलाबदल. वर मार्लिन्सनी ट्विन्सना ५० हजार डॉलर दिले. तेव्हा ड्राफ्टची किंमतच तेवढी होती, म्हणजे ट्विन्सना सँटाना जवळपास फुकट पडला. पोरगा सिंगल-एच्या वर खेळलेलाच नव्हता. २००० च्या हंगामात त्याचा ई.आर.ए. ६.४९ झाला. नऊ इनिंगमागं साडेसहा रन म्हणजे कुठल्याही शहाण्या माणसानं त्याला घरी पाठवला असता. पण ट्विन्स त्या वर्षी तसेही जिंकणाऱ्यातले नव्हते, त्यांनी पूर्ण हंगाम त्याला जपला. पुढं २००४ आणि २००६ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार त्याच सँटानाला मिळाला. यातून शिकायचं ते इतकंच की पहिल्या वर्षाचा आकडा बघायचा नाही, पहिलं वर्ष पार पाडू देणारा क्लब बघायचा.

क्लबची निवड म्हणूनच निम्मं काम आहे. ड्राफ्टचा क्रम मागच्या हंगामाच्या उलट असतो, तळाचा आधी. तळाच्या क्लबला जागा अडली तरी फरक पडत नाही. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. आधुनिक काळात एका हंगामात इतके कुणीच हरलेलं नव्हतं. त्या डिसेंबरला पहिला नंबर त्यांचा. त्यांनी मिलवॉकीकडून शेन स्मिथ नावाचा पिचर घेतला, त्याला सुरुवातीपासून स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, म्हणून खेळवलं आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. आमच्यात ते नाव काकांनी दिलं होतं. त्यांच्या तीन ओळींतली पहिली ओळ खेळाडूबद्दल नव्हतीच. ‘व्हाइट सॉक्सला पिचर पाहिजे आणि घालवायला काही नाही’ असं लिहिलं होतं. स्पेन्सचंही तसंच. ट्रिपल-एमध्ये भरपूर इनिंग टाकलेला, विशेष झगमगाट नसलेला पिचर, आणि २०२३ चा पहिला नंबर ओकलंड ॲथलेटिक्सचा, ज्यांना रोज चेंडू टाकणारा हात हवा होता.

आता ‘ऑपरेशन’ या शब्दाबद्दल. कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालेला पिचर दिसला की पूर्वी मी तो सरळ खोडायचो. २०२० च्या यादीत व्हिटलॉक माझ्या फळ्यावर होता. जुलै २०१९ मध्ये ऑपरेशन, आणि २०२० मध्ये कोविडमुळं मायनर लीगचा हंगामच झाला नाही, म्हणजे दीड वर्ष त्याला सामन्यात कुणी पाहिलेलंच नाही. मी ओल्या फडक्यानं नाव पुसलं आणि दुसरं लिहिलं. बॉस्टननं त्याला यांकीजकडून उचललं. २०२१ मध्ये त्यानं रिलीफमध्ये ७३ वर इनिंग टाकल्या आणि ई.आर.ए. १.९६ ठेवला, तोही यांकीजच्या सगळ्यात जुन्या वैऱ्याच्या संघातून. तेव्हापासून मी उलट विचार करतो. ऑपरेशन म्हणजे क्लबला झाकून ठेवायला मिळालेलं निमित्त. मी फक्त दोन गोष्टी बघतो: ऑपरेशनला बारा-पंधरा महिने झालेत का, आणि त्याआधी तो वॉक, म्हणजे चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकटचा बेस, कमी द्यायचा का. वेग परत येतो. चेंडू हवा तिथं टाकायची सवय ज्याला आधी नव्हती, त्याला ऑपरेशनमुळं ती लागत नाही.

दुसरा प्रकार बाकावरचा उपयोगी माणूस. जो आउटफिल्डच्या, म्हणजे कुंपणाकडच्या, तिन्ही जागा सांभाळतो, किंवा जो बेसजवळच्या शॉर्टस्टॉपपासून कुंपणाकडच्या लेफ्ट फील्डपर्यंत कुठंही उभा राहतो. २०११ मध्ये मार्विन गोन्झालेसला बॉस्टननं शिकागो कब्जकडून उचलून ह्यूस्टनला दिलं. तो तिथं सगळ्या जागा खेळत राहिला आणि २०१७ च्या विजेत्या संघात होता. पळणारा माणूसही चालतो, कारण शेवटच्या इनिंगमध्ये बेसवर दुसऱ्याच्या जागी धावायला तो लागतोच.

अकिल बॅडू आमच्या भाच्याचा लाडका. ट्विन्सनं उघडा ठेवला, २०२० च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सनी घेतला. हाय-एच्या वर खेळलेला नव्हता, तोही कोपराच्या ऑपरेशनमधून उठलेला. ४ एप्रिल २०२१, मेजर लीगमधला त्याचा पहिला चेंडू, आणि तो त्यानं डावीकडच्या कुंपणापलीकडं मारला. दुसऱ्या दिवशी समोर ट्विन्स, ज्यांनी त्याला राखला नव्हता, आणि त्यांच्याविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना होम रन. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्विन्सविरुद्धच सामना जिंकून देणारा फटका. भाच्यानं तो व्हिडिओ मला लेथ चालू असताना दाखवला. मी मशीन बंद केलं आणि उभ्या उभ्या तीनदा पाहिला. बॅडूचे पुढचे हंगाम तसे गेले नाहीत, हेही खरं आहे. पण आमच्या गुणांच्या हिशेबात २०२१ पूर्ण भरलं.

तिसरा प्रकार म्हणजे वाट अडलेला बॅटर. वय पंचवीस-सव्वीस, ट्रिपल-ए किंवा डबल-एमध्ये सिद्ध झालेला, पण त्याच्या जागेवर वरती पक्का माणूस बसलेला. डॅन अगला असाच. २००५ मध्ये ॲरिझोनाकडून मार्लिन्सनी घेतला, आणि २००६ मध्ये सेकंड बेसवरून २७ होम रन. नोडानं ॲथलेटिक्सकडून पहिल्याच हंगामात १६ मारले. अशा गड्यांना वयामुळं लोक होतकरूंच्या याद्यांत वर लिहीत नाहीत, म्हणून याद्यांवर विसंबू नका.

आणि टाळायचं कुणाला? कोवळा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून पिचरचे चेंडू झेलणारा. कॅचरला मैदानावर सगळ्यात जास्त शिकायचं असतं, आणि वर्षभर बाकावर बसून ते शिकता येत नाही. २०१७ मध्ये सॅन डिएगोनं रूल फाइव्हची तीन पोरं एकदम पूर्ण हंगाम सांभाळली. त्यातला लुइस टोरेन्स हा कॅचर ०.१६३ च्या सरासरीनं खेळला. टिकला, म्हणजे आमच्या गुणांत बसला असता. पण त्या पोराचं शिकायचं एक वर्ष गेलं, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.

आकडे वाचताना

ट्रिपल-एच्या दोन लीग आहेत. पश्चिमेकडच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रीनो, लास वेगाससारखी उंचावरची, कोरड्या हवेची मैदानं आहेत. अल्बुकर्की पाच हजार फुटांवर आहे. तिथं चेंडू लांब जातो. म्हणून तिथल्या पिचरचा पाचचा ई.आर.ए. बघून त्याला खोडू नका, आणि तिथल्या बॅटरचे पंचवीस होम रन बघून भुलू नका. मी पिचरसाठी फक्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटरला बाद करणं) आणि वॉक बघतो, कारण त्यात मैदानाचा हात कमी. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो तेही बघतो. डबल-एमध्येच तीनात एकदा स्ट्राइकआउट होणारा वरती काय करणार?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ॲरिझोना फॉल लीग असते. क्लब आपली निवडक पोरं तिथं पाठवतात आणि सगळ्यांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, तिथं बसलेले असतात. ऑपरेशनमधून परतलेला पिचर तिथं टाकताना दिसला तर त्याचं नाव फळ्यावर अधोरेखित करा. ट्रिपल-एच्या सामन्यांत चेंडूचा वेग आणि फिरकी मोजलेली सगळ्यांना बघायला मिळते. एप्रिलमधला वेग आणि सप्टेंबरमधला वेग शेजारी शेजारी लिहा. हंगाम संपताना वेग वाढलेला असेल तर त्या माणसाची मागच्या वर्षाची सरासरी विसरा.

स्काउटनं प्रत्यक्ष पाहणं मात्र वेगळंच. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या एका पोराला १० हजार डॉलर बोनस देऊन घेतलं आणि आपल्या माँट्रियलच्या खालच्या संघात ठेवलं. तेव्हाच्या नियमानं ४ हजारांवर बोनस मिळालेल्याला खाली ठेवलं तर हंगामानंतर तो इतरांना उचलता यायचा. माँट्रियलमध्ये त्याला पूर्ण सामने क्वचितच मिळाले, सरासरी ०.२५७. पिट्सबर्ग पायरेट्सचा स्काउट क्लाइड सुकफोर्थ तिथं गेला होता जो ब्लॅक नावाच्या पिचरला बघायला. सरावात राइट फील्डमधून येणारा थ्रो त्यानं पाहिला आणि तो त्या पोराकडंच बघत राहिला. पायरेट्स तळाला होते, म्हणून पहिला नंबर त्यांचा. ४ हजार डॉलर मोजून त्यांनी रोबेर्तो क्लेमेंटेला नेलं. पहिल्या वर्षी ०.२५५. अठरा हंगामांनंतर ३,००० हिट. ३१ डिसेंबर १९७२ ला भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला. आकड्यांत जे नव्हतं, ते एका थ्रोमध्ये होतं. एक तोंड सरळ होतं.

ड्राफ्टची रात्र आणि पुढं

ड्राफ्ट विंटर मीटिंग्जच्या, म्हणजे सगळ्या क्लबांच्या डिसेंबरातल्या बैठकीच्या, शेवटच्या दिवशी होतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनं दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेबारा. आम्ही वर्कशॉपच्या वरच्या खोलीत जमतो, भट्टीसारखी ऊब खालून येत असते, चहाची किटली एकदाच भरून ठेवायची. संध्याकाळी एक काम करून ठेवा: प्रत्येक क्लबच्या चाळिसात किती जण आहेत ते मोजून एका ओळीत लिहा. चाळीस भरलेला क्लब उचलूच शकत नाही. जागा असूनही ‘पास’ म्हणणारे बरेच असतात. पहिल्या फेरीतच बहुतेक सगळं होऊन जातं. साधारण दहा ते वीस नावं जातात आणि मेजर लीगचा भाग चहा थंड व्हायच्या आत आटोपतो. नंतर ट्रिपल-एचा भाग असतो, २४ हजार डॉलरवाला. त्यात सव्वीसात ठेवायची अट नाही आणि परत द्यायचंही नाही. आम्ही तो गुणांत धरत नाही.

नाव गेलं की लगेच आनंद करू नका. उचलणारा क्लब तोच ठेवेल असं नाही. जॉश हॅमिल्टनला २००६ मध्ये कब्जनी टॅम्पा बेकडून उचललं आणि त्याच दिवशी सिनसिनाटीला विकलं. व्यसनामुळं तो कित्येक वर्षं खेळाबाहेर होता. २००७ मध्ये त्यानं १९ होम रन मारले आणि २०१० मध्ये टेक्सासकडून अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. म्हणून आम्ही गुण खेळाडूला देतो, क्लबला नाही.

मार्चचे शेवटचे दहा दिवस सगळ्यात वाईट. सराव सामने संपत येतात, सव्वीस जण ठरतात आणि परत पाठवलेल्यांच्या बातम्या येऊ लागतात. फळ्यावरचं नाव लगेच पुसू नका. मूळ क्लब परत घ्यायला नको म्हणू शकतो, किंवा दोन्ही क्लब सौदा करून अट मिटवू शकतात. शेन व्हिक्टोरिनोला डॉजर्सकडून दोनदा उचललं गेलं. पहिल्यांदा सॅन डिएगोनं नेऊन २००३ मध्ये परत केला. दुसऱ्यांदा २००४ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियानं नेला, त्यांनाही तो संघात बसवता आला नाही आणि त्यांनी परत देऊ केला. डॉजर्स म्हणाले, राहू दे. फिलाडेल्फियानं मग त्याला ट्रिपल-एमध्ये खेळवलं. २००८ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या फिलाडेल्फियाच्या संघात तो सेंटर फील्डला होता.

हंगाम चालू झाला की दर सोमवारी सकाळी मशीन तापेपर्यंत मी क्लबांच्या हालचाली वाचतो. जखमींच्या यादीत गेला तर तारीख लिहायची, परत आला की तारीख लिहायची, आणि नावाखाली उपलब्ध दिवसांची बेरीज चालू ठेवायची. नव्वद भरले की बेरजेभोवती गोल. ‘डेझिग्नेटेड’, म्हणजे क्लबनं चाळिसातून काढला, असा शब्द त्याच्यापुढं दिसला तर आठवडाभर रोज बघायचं, कारण तेवढ्यातच तो कुठं जातो ते ठरतं. सप्टेंबरअखेर ज्याचं नाव फळ्यावर उरलं, त्याची अट संपली. पुढच्या हंगामापासून क्लब त्याला खाली पाठवूनही शिकवू शकतो. रश्श्याचं जेवण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी करायचं, कारण त्यानंतर फॉल लीग सुरू होते आणि उजवीकडचा अर्धा फळा पुन्हा मोकळा लागतो.